वर्तनाचा दाखला

“मग मनोरमावहिनींचीच घ्या की सही,” विमल म्हणाली आणि गवारीच्या शेंगेची शीर तिने इतक्या सहज ओढून काढली, की भालचंद्राला आपल्याच बोटाच्या पेरातून एखादा दोरा निसटल्यासारखे वाटले. टेबलावर परदेशी वास्तव्याच्या परवान्यासाठीच्या अर्जाचे अकरावे पान होते. आधीची दहा त्यांनी चार दिवसांत भरली होती: जन्मगाव, नोकरीची वर्षे, मागच्या दहा वर्षांतले सगळे पत्ते, आणि बारा चौकोनांची ती पट्टी, जिच्यात वर्षाचा कोणता महिना कुठे घालवणार हे खुणेने दाखवायचे होते. अकराव्या पानावर फक्त दोन विधाने होती आणि खाली सहीसाठी रेघ. कायम वास्तव्याच्या गावी अर्जदाराला पंचवीस वर्षांहून अधिक काळ ओळखणाऱ्या, नात्यात नसलेल्या एका व्यक्तीने ते पान भरायचे होते.

“केशवराव देतील,” तो म्हणाला.

“केशवराव पुण्याला गेले त्याला सहा वर्षं झाली. इथे राहणारं माणूस हवंय त्यांना.”

“सुहासिनीचे मिस्टर आहेत की.”

“अहो, त्यांच्या तेराव्याला आपण दोघं जाऊन आलो. तुम्ही तिथे जिलबी चांगली झालीय म्हणालात.”

 भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमधली मराठी माणसे निवृत्तीनंतर एकेक करून नकाशावरून पुसली गेली होती. कुणी पुण्याला, कुणी ठाण्याला, कुणी मुलांच्या मागे, कुणी त्याही पलीकडे. उरली होती ती मनोरमावहिनी, क्वार्टरमधल्या जुन्या शेजाऱ्याची, शांतारामची बायको, इंद्रपुरीतल्या एका खोलीत. पंचेचाळीस वर्षांची ओळख. नाते नाही. भोपाळ कधी सोडले नाही. अर्जातली एकेक अट जणू तिचे माप घेऊन शिवली होती, आणि हे चार दिवसांत आपल्या लक्षात आले नव्हते असे नव्हे, हेही त्याला त्याच क्षणी कळले. पहिल्या दिवशी पाने चाळतानाच त्याने अकरावे पान सर्वांत खाली सरकवले होते.

साकेत नगरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या या घराच्या खिडकीतून इस्पितळाचा मागचा रस्ता दिसे. तिथून जाणारी रुग्णवाहिका वळणाशी आवाज बंद करी; आवाज थांबला की भालचंद्राला हायसे वाटण्याऐवजी धास्ती वाटे. कांचनचा फोन रोज दुपारी येई, तिच्याकडे सकाळ असे. पोर्तुगालमधल्या पोर्तो नावाच्या त्या समुद्रकाठच्या शहरात तिची दहा वर्षे गेली होती. “बाबा, तुमचा प्रकार वाचलात का? अर्धवेळ निवृत्त रहिवासी,” ती पडद्यावर हसत म्हणाली होती. “निम्मं वर्ष इकडे, निम्मं तिकडे. तुम्हाला उभ्या नोकरीत कधी अर्धवेळ काही जमलं नाही, आता जमवा.” तिच्या वकिलाने महिनेही ठरवून दिले होते: ऑक्टोबर ते मार्च तिथे, एप्रिल ते सप्टेंबर इथे. ऑक्टोबर ते मार्चच्या सहा महिन्यांत तिला कामासाठी सारखे गावोगाव फिरावे लागे, आणि आठ वर्षांची नात शाळेतून परत येई ती कुलूप लावलेल्या दाराशी. विमलने हे ऐकल्यापासून तिचे बोलणे त्या दारापाशीच थबकले होते. ती आता स्वयंपाकघरातल्या डब्यांकडेसुद्धा निरोप घेतल्यासारखी पाही. भालचंद्राला नात हवी होती, समुद्रही हवा होता. सत्तराव्या वर्षी माणसाला आपले निम्मे आयुष्य दुसऱ्या भाषेच्या आडोशाला ठेवता आले तर ते नको का असेल? तिथे आपल्याला कुणी ओळखणार नाही, या विचाराने त्याला ज्या प्रकारची झोप येई तशी बत्तीस वर्षांत आली नव्हती. आणि आता तिथे पोचायच्या वाटेवर, अगदी उंबऱ्यावर, त्यांनी नेमके हेच विचारले होते: तुला कोण ओळखते?

बत्तीस वर्षांपूर्वी कारखान्यात प्रत्येकाचे एक टोकन असे. टोकन म्हणजे पितळेची चकती, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, तिच्यावर माणसाचा क्रमांक ठोकलेला. सकाळी टाइम ऑफिसच्या खिडकीतून ती उचलायची, संध्याकाळी फाटकाजवळच्या लोखंडी पेटीत टाकायची. मधले आठ तास माणूस कारखान्यात आहे, याची साक्ष ती चकती. चाचणी विभागात तिला आणखी एक काम होते. तपासणीसाठी यंत्राच्या पोटात उतरणाऱ्याने आपले टोकन विजेच्या मुख्य कळीशेजारच्या हुकावर अडकवायचे, आणि हुकावर एकही टोकन असेपर्यंत कळ दाबायची नाही. नियम एवढाच होता, आणि त्याच्या भरवशावर माणसे त्या काळोख्या, तेलकट पोकळीत जेवणघरात शिरावे तशी शिरत. दुसरा नियम कुणी लिहिलेला नव्हता. चारचा भोंगा झाला की पेटीपाशी मोठी रांग लागे. मग शेजारपाजारच्या क्वार्टरांतल्या माणसांनी आपापसांत ठरवून टाकलेले असे, की एकाने सगळ्यांची टोकने घेऊन रांगेत उभे राहायचे, बाकीच्यांनी निवांत हात धुऊन सायकली काढायच्या. त्यात लबाडी नव्हती. ती शेजाराची एक रीत होती, साखरेची वाटी भिंतीवरून पलीकडे जावी तशी. शांतारामचे टोकन भालचंद्र नेई. त्यांच्या क्वार्टरांची मधली भिंत एकच होती. एकीकडे खिळा ठोकला की दुसरीकडे पोपडा निघे. १९९१च्या मार्चमधल्या एका गुरुवारी भोंगा झाला तेव्हा हुकावर दोन टोकने होती. एक त्याचे स्वतःचे, तो नुकताच यंत्रातून बाहेर आला होता. त्याने दोन्ही उचलली. नेहमी उचलत असे तशीच, न बघता, कारण नळापाशी निळ्या शर्टातली एक पाठ वाकून हात धूत होती. ती पाठ शांतारामची नव्हती. तो फाटकापर्यंत गेला, रांगेत उभा राहिला, पेटीत एकापाठोपाठ दोन चकत्या पडल्याचा आवाज त्याने ऐकला, आणि दुसऱ्या पाळीच्या माणसाने रिकामा हूक पाहून कळ दाबली.

बोटांना त्या चकतीची ऊब आठवे. हीच गोष्ट त्याला सर्वांत असह्य होती: भर दुपारी पत्र्याखाली तापलेले पितळ, आणि आपल्या मुठीत दोन चकत्या एकमेकींवर घासल्याचा तो क्षुल्लक आवाज. चौकशीच्या दिवशी त्याला एकच प्रश्न विचारला गेला. हुकावर शांतारामचे टोकन होते काय? समोर तीन माणसे, एक टंकलेखक, एक फिरता पंखा. कांचन तेव्हा आठ वर्षांची होती, तिला गोवर निघाला होता. क्वार्टर कंपनीचे, शाळा कंपनीची, दवाखाना कंपनीचा, नळाचे पाणीसुद्धा कंपनीचे. “लक्षात नाही,” तो म्हणाला. टंकलेखकाने ते दोन शब्द दोन झटक्यांत उमटवले. पेटीत टोकन सापडले होते. त्यावरून ठरले की शांतारामने ते स्वतः टाकले, काम संपल्यावर परवानगीवाचून तो पुन्हा आत गेला, आणि मेला तेव्हा कामावर नव्हता. कामावर नव्हता म्हणून त्याच्या मुलाला, जयंतला, पुढे त्याच्या जागी नोकरी मिळाली नाही. मेलेल्या माणसाला निष्काळजी ठरवायला फार काही लागत नाही. जिवंत माणसाचे दोन शब्द पुरतात.

क्वार्टर सोडताना कंपनीचा कारकून पंख्याचे हूक आणि नळ मोजत फिरत होता, आणि मनोरमावहिनी त्याच्या मागोमाग हातात झाडू घेऊन प्रत्येक खोली पुन्हा झाडत होती. भालचंद्राने त्यांच्या ट्रंका उचलल्या, इंद्रपुरीतली खोली शोधून दिली. आणि नोव्हेंबर आला. विधवांचे निवृत्तिवेतन चालू राहायचे तर दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचे दाखवावे लागते. त्या कागदाला हयातीचा दाखला म्हणतात. पहिल्या वर्षी तो तिला घेऊन गेला आणि साक्षीदाराच्या जागी त्याने सही केली. त्यानंतर एकही नोव्हेंबर चुकला नाही. पुढे बँकेत अंगठ्याचे यंत्र आले, पण साड्यांना फॉल लावून लावून वहिनीच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या आणि यंत्र तिला मुळी ओळखेच ना. “बघा भाऊजी, मशीन म्हणते मी नाही,” ती म्हणाली होती आणि काउंटरवरच्या मुलीला हसू आवरेना. मग पुन्हा कागद निघाला, पुन्हा त्याची सही. सदर व्यक्ती आज रोजी माझ्यासमक्ष हयात आहे. हे वाक्य लिहिताना त्याला दरवर्षी एक विचित्र, उधार घेतल्यासारखी शांती मिळे. निदान हे तरी खरे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी विमलने डबा भरून दिला. “रिकाम्या हाताने जाऊ नका,” ती म्हणाली, आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिने त्याच्या शर्टाच्या खिशात पेन खोचले. कांचनने अर्ज उद्यापर्यंत मागितला होता. स्कूटर चालू करण्यापूर्वी तो जिन्याखाली क्षणभर थांबला. पंप असो, गीझर असो, साधा दिवा असो, कोणतीही कळ दाबण्याआधी “कुणी आहे का?” असे मोठ्याने विचारायची त्याला सवय होती, आणि घरातल्या कुठल्याही कोपऱ्यातून विमल उत्तर देई, “कुणी नाही, लावा.” पाहुणे हसत. कांचन लहानपणी त्याची नक्कल करी. विमल मात्र कधी हसल्याचे त्याला आठवत नव्हते, आणि ही गोष्ट आजवर आपल्याला खटकली कशी नाही, हे त्याला आता, स्कूटरची किल्ली हातात असताना, उगाचच जाणवले. सप्टेंबरचे ऊन रस्त्यावर पातळ पसरले होते. टाउनशिपमधून जाताना त्याने जुन्या ओळीकडे पाहिले नाही. तरी डोळ्यांच्या कडेला ती घरे दिसलीच, काही रिकामी, दारांच्या जागी विटा रचलेली. वाटेत दोनदा त्याला वाटले की वहिनी घरी नसेल. एकदा वाटले की ती आजारी असेल. मग त्याला आपल्या मनाची शिसारी आली, कारण त्या कल्पनेत काळजी नव्हती, सुटका होती.

ती घरीच होती, दाराजवळच्या उजेडात शिवणाच्या मशीनवर. मूळची उज्जैनची, तिच्या मराठीत हिंदी अशी मिसळलेली की एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते कळू नये.

“या भाऊजी. नोव्हेंबर लागायला तर अजून टाइम आहे नं?”

“विमलने डबा दिलाय. गवारीची भाजी.”

“भाजी पाठवली म्हणजे काम मोठं असणार. बसा तरी.”

त्याने सांगितले. नात, दार, समुद्र, निम्मे वर्ष. ती ऐकत होती. तिची बोटे साडीच्या काठावरून टाके मोजल्यासारखी पुढे सरकत होती. “चांगलं आहे,” ती म्हणाली. “पोरीजवळ राहावं. जयंत मला इंदूरला बोलवत राहतो, पण त्याच्या दुकानाच्या मागे अर्धी खोली, तिथे मी काय करू? वाचा, काय लिहिलंय. मला एवढी इंग्रजी नाही येत.”

तेव्हा आपल्यालाच ते मराठीत करून वाचावे लागणार, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने कागद उजेडाकडे धरला. “‘मी या अर्जदाराला’, म्हणजे मला, ‘अमुक वर्षापासून ओळखते.’ इथे वर्ष लिहायचं.”

“अठ्ठ्याहत्तर. दिवाळीच्या आधी आलो आम्ही क्वार्टरमध्ये. विमलनं पहिल्या दिवशी पोळ्या पाठवल्या होत्या, मला याद आहे.” तिने चष्मा लावला आणि मराठी आकड्यांत, शाळेतल्यासारखे गोल, १९७८ लिहिले. “पुढचं?”

“पुढचं,” तो म्हणाला. इंग्रजीत ते वाक्य साधे होते. इंग्रजीत सगळीच वाक्ये थोडी दुसऱ्या कुणाची तरी असतात. “‘माझ्या माहितीप्रमाणे या व्यक्तीचं वर्तन…’”

“हं.”

“‘…आजवर सचोटीचं राहिलेलं आहे.’ समोर हो आणि नाही अशा दोन चौकटी आहेत. एकीत खूण करायची.”

तिने पेन खाली ठेवले नाही, टेकवलेही नाही. “कोणते महिने तिकडे राहणार तुम्ही?”

“ऑक्टोबर ते मार्च.”

“म्हणजे नोव्हेंबर तिकडे.”

“मी जयंतला सांगेन यायला. नाही तर त्या बँकेतल्या मुलीशी बोलून ठेवतो, ती घरी येऊन—”

“जयंत बँकेत जातो नं, तर भांडण करतो. म्हणतो, माझ्या आईला दरवर्षी जिवंत असल्याचं का सिद्ध करावं लागतं. मी त्याला म्हणते, अरे, सगळ्यांनाच करावं लागतं.”

बाहेर कुणी तरी सायकलची घंटी वाजवत गेले. भालचंद्राला वाटले, आता बोललो नाही तर पुढच्या क्षणी ती खूण करील. ‘हो’च्या चौकटीत, मराठी शाळेतल्यासारखी नीट, तिरकी खूण, आणि मग ती आयुष्यभर पुसता येणार नाही. ते वाक्य तो बत्तीस वर्षे इतक्या वेगवेगळ्या शब्दांत मनात बोलला होता की प्रत्यक्षात ते बाहेर पडले तेव्हा अगदी गरीब, विनाअलंकार निघाले.

“वहिनी, त्या दिवशी हुकावर टोकन होतं. शांतारामचं. मी नेलं ते.”

वहिनीने दोऱ्याचे टोक दातांनी तोडले. “माहीत आहे नं,” ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिले. ती दोरा गुंडाळत होती.

“यांना त्या रांगेचा किती कंटाळा. ते कशाला जातील पेटीपाशी? त्यांचं टोकन तुम्हीच टाकायचे, आख्ख्या लाइनीला माहीत होतं. विमललाही माहीत. ऑफिसवाल्यांनी आम्हा बायकांना विचारलंच नाही.”

“मग तुम्ही का नाही…”

“कोणाला सांगू? तुम्हाला काढलं असतं, विमल पोरीला घेऊन बाहेर आली असती. एका भिंतीला दोन घरं, दोन्ही उठली असती. आणि मला वाटायचं, तुम्ही येऊन सांगाल. पहिले सहा महिने रोज वाटायचं. चारचा भोंगा झाला की मी चहाचं पाणी वाढवून ठेवायची.” ती थोडी हसली, ते हसू त्याच्यासाठी नव्हते, त्या चहासाठी होते. “मग नोव्हेंबर आला. तुम्ही बँकेत नेलं, सही केली. दुसरा आला. मग मलाच भीती वाटायला लागली, की हा माणूस एकदा बोलून मोकळा झाला तर यायचा बंद होईल.”

 बत्तीस वर्षे ज्या अंधारात तो एकटा उभा होता असे त्याला वाटत आले होते, तिथे सगळे जण होते. वहिनी, विमल, ती सगळी ओळ, शांतपणे आपापल्या कामात, त्याच्याकडे न बघण्याची काळजी घेत. गुपिताने निदान एक आडोसा दिला होता. तोही मुळात नव्हताच. छातीत दुखावे असे त्याला वाटले, पण तिथे दुखत नव्हते. फक्त बोटांच्या टोकांना पितळेची ती ऊब पुन्हा आली. क्षमा मागायला हवी हे त्याला ठाऊक होते, आणि तो शब्द तोंडात आणताच तो अर्जातल्या एखाद्या रकान्यासारखा दिसू लागला.

वहिनीने कागद आपल्याकडे ओढला, मशीनच्या फळीवर ठेवला, आणि खालच्या रेघेवर पूर्ण नाव लिहून सही केली. दाखल्यावर दरवर्षी करी तशीच, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढून. मग तिने तो त्याच्या हातात दिला. वर्ष लिहिलेले होते. सही होती. दोन चौकटी कोऱ्या होत्या.

“वहिनी, ही एक जागा राहिली.”

“माणूस जिवंत आहे का, ते समोर बघून सांगता येतं, भाऊजी,” ती म्हणाली. “हे तसं नाही. हे तुम्ही भरा.” मग उठून डबा रिकामा करता करता स्वयंपाकाच्या कट्ट्यापाशी पाठमोरी पुढे बोलली, “आणि विमलला म्हणावं, गवारीत ओवा घालत जा. आणि यंदाच्या नोव्हेंबरात तर आहात नं तुम्ही?”

“आहे.”

“मग झालं.”

परतताना त्याने स्कूटर ढकलतच निम्मा रस्ता काढला. चारचा भोंगा झाला. फाटकातून माणसे बाहेर पडत होती, थोडीच, गळ्यात छायाचित्रांची कार्डे, फाटकाशी अंगठे टेकवून. आता कुणाला कुणाचे काही नेता येत नाही. या विचाराने त्याला बरे वाटायला हवे होते. उलट वाटले की आता कुणी कुणाचे काही नेणारही नाही. आपण पेन घेऊन एका चौकटीपुढे बसू, त्यात खूण करू, आणि पाने जोडून पाठवून देऊ. हे किती सोपे आहे, हे त्याला भयंकर स्पष्ट दिसले. ‘लक्षात नाही’ इतकेच सोपे. ती सही खरी होती, ते वर्ष खरे होते, आणि त्या दोहोंच्या मधली खूण कुणाच्या हातची आहे हे पोर्तोमधल्या कुठल्याही अधिकाऱ्याला कळणार नव्हते. निम्मे आयुष्य दुसऱ्या भाषेच्या आडोशाला. फक्त एक खूण.

घरी पोचला तेव्हा उजेड उतरत आला होता. विमल टेबलाशी बसली होती. बाकीची दहा पाने तिने एकावर एक नीट रचून ठेवली होती.

“झाली सही?”

“झाली.”

तिने कागद घेतला, खिडकीशी नेऊन पाहिला. तिची नजर कुठे थांबली ते त्याला मागूनही कळले. चौकट कोरी का, असे तिने विचारले नाही. तिने विचारले नाही, आणि त्या न विचारण्यात त्यांच्या संसाराची बत्तीस वर्षे एकदम उभी राहिली. तिची सगळी उत्तरे, कोपऱ्याकोपऱ्यातून आलेली, न हसता दिलेली.

“अशाने अर्ज परत येईल,” ती म्हणाली. तिचा आवाज फाटला नाही, नुसता झिजल्यासारखा झाला. “पोर एकटी दार उघडते हो.”

“माहीत आहे.”

“वहिनी रागावल्यात?”

“नाही. गवारीत ओवा घाल म्हणाल्या.”

 विमलने कागद त्याला परत दिला, आणि तो कुठे ठेवावा हे त्याला सुचेना. इतर दहा पानांवर तो ठेवता येईना. पेनाजवळ तर नाहीच. दाराशेजारी, दिव्यांच्या बटणांच्या वर, किल्ल्या अडकवायचा एक हूक होता. त्याने किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या, कागदाचा कोपरा हुकात टोचला आणि तो सोडला. पंख्याच्या वाऱ्याने कागद एकदा हलला आणि भिंतीला टेकून स्थिर झाला. खोलीत आता जवळजवळ काहीच दिसत नव्हते. टेबलावर फोन उजळला, कांचनचे नाव त्यावर थरथरत राहिले. सवयीने त्याचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला, आणि सवयीनेच त्याने विचारले,

“कुणी आहे का?”

विमल अंधारात हुकाकडे पाहत होती.

“आहे,” ती म्हणाली.

त्याने बटणावरचे बोट काढून घेतले.